घासाशिवाय घर उचलत नाहीत

इंदो चेन्निंगला गाव सोडून कुठं जायचं नव्हतं आणि गावात तिला राहायला जागा उरली नव्हती. गोष्ट एवढीच, पण ती सोडवता सोडवता आख्ख्या गावाच्या नाकी नऊ आले.

आमच्या बुगी बोलीत चेन्निंग म्हणजे गोड. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातला प्रकार. तिच्या जिभेचा फटका बसला नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. इंदो म्हणजे आई. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण गावात तिच्याएवढं म्हातारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळेच तिला इंदो म्हणत.

घर तिचं होतं. नवरा-बायकोनं तरणेपणी तळ्यापलीकडून लाकूड आणून बांधलेलं, माणूस खालून ताठ मानेनं जाईल एवढ्या उंच खांबांवरचं. जमीन मात्र दिराची. दीर गेला, मग तिचा नवरा गेला, आणि दिराचा मुलगा मलेशियात पामच्या मळ्यावर कामाला लागला तो तिकडचाच झाला. त्यानं तिकडे बसूनच जमीन भातगिरणीवाल्याला विकली. गिरणीवाल्याला तिथं भात वाळवायला खळं करायचं होतं. माणूस वाईट नव्हता. “पुढच्या पेरणीपर्यंत खुशाल राहा, इंदो,” म्हणाला. पण पुढची पेरणी काही कुणासाठी थांबत नाही.

सरकारी कचेरीतून दोन जण आले. त्यांनी शहरातल्या वृद्धाश्रमाचे फोटो दाखवले. इंदोनं त्यांना कॉफी दिली, केळी तळून दिली, फोटो एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

“खाटा चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “यातलं माझं दार कुठलं?”

“दार सगळ्यांचं एकच असतं, आजी.”

“म्हणजे मी पाहुणी. पाहुण्यानं तीन दिवसांत उठावं बाबा.”

गावातही लोकांनी आग्रह केला. आमच्याकडे ये, आमच्याकडे ये. मीही म्हटलं, आमची मागची खोली रिकामी आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. “तुझ्या चुलीवर भांडं चढवायचं तर मला तुझं तोंड बघावं लागेल, जुमराना. आणि तुझं तोंड मला पाठ आहे.” मला राग आला. खरं बोलली म्हणून जास्तच आला.

सगळ्यांना डोळ्यांसमोर कादे दिसत होता. कादे आमच्याच गावचा. मुलानं जमीन विकली तेव्हा त्याचं घर सुटं करून फळ्याफळ्यांनी विकलं गेलं. जावयाच्या घरी राहायला त्याला लाज वाटली, आणि तो सेंगकांग शहरात जाऊन मासळीबाजाराच्या पत्र्याखाली झोपायला लागला. विचारलं तर सांगायचा, “तिथं वारा छान लागतो.” आम्ही बाजाराला गेलो की त्या गल्लीनं जायचं टाळायचो. आणखी एक म्हातारं माणूस त्या पत्र्याखाली गेलं, तर आम्हाला कुठल्याच गल्लीनं जाता येणार नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर सगळे बसले असताना उवा पलीवांग बोलले. उवा म्हणजे काका. घर उचलायचं असलं की हाकारा त्यांचा असतो. कुठून धरायचं, कधी थांबायचं, ते सांगतात.

“सगळे जमीन शोधताय,” ते म्हणाले. “जमीन हलत नाही. घर हलतं. मग अंगणांत फिरवा की घर. एक कापणी ते दुसरी कापणी एका अंगणात. मग पुढच्या. घर तिचं, चूल तिची, दार तिचं. जमिनीचं ओझं एकट्यावर नको, सगळ्यांनी वाटून घ्यायचं.”

घर उचलून नेणं आमच्याकडे नवं नाही. भाऊ-भाऊ भांडले, रस्ता रुंद झाला, की खांबांना बांबू बांधायचे आणि गावानं घर खांद्यावर घ्यायचं. पण दर वर्षी? एकाच म्हातारीसाठी? मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. एकेका माणसाचे डोळे आपापल्या अंगणाकडे गेले, तिथं मनातल्या मनात घर ठेवून बघू लागले. मग माझ्या नवऱ्यानं, उपेनं, हात वर केला. “पहिलं वर्ष आमच्या अंगणात.”

मला न विचारता. मी कुठं मिरच्या वाळवायच्या, सूत कुठं पसरायचं, याचा विचार न करता. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, “मोठे आले दानशूर, अंगण झाडतं कोण?” तो म्हणाला, “एकच वर्ष, गं.”

उवा आणि मी इंदोला सांगायला गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “आणि उचलणाऱ्यांना जेवू कोण घालणार?”

“ते आम्ही बघतो,” उवा म्हणाले. “तू नको काळजी करू.”

ती गप्प बसली. आम्ही ते ‘हो’ धरलं. उभ्या जन्मात ही बाई कधी गप्प बसली नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्या कापणीला इंदो रोज वावरात दिसायची. यंत्र पुढं गेलं की मागं ती, पाठीला टोपली, कंबरेत वाकलेली, सांडलेल्या लोंब्या उचलत. सरवा वेचायला कुणी कुणाला मनाई करत नाही, पण तो गरिबाघरच्या बायका वेचतात. तीही सगळीकडे जायची नाही. काळ्या चिकट भाताची मोजकी वावरं आहेत, तेवढ्यांतच. मी एकदा बांधावरून ओरडले, “इंदो, पाठीचा काटा ढिला होईल. मी देते ना पोतं.”

“तुझं पोतं तुझ्या घरातच शोभतं,” ती मान वर न करता म्हणाली.

म्हातारीला हाव सुटली, असं मी उपेला सांगितलं.

घर उचलायचा दिवस ठरला. पहाटेपासून बायकांनी आमच्या मागच्या दारी चुली मांडल्या. कोंबडी गलंगलच्या, आल्यासारख्या मुळाच्या, किसात शिजवली, नारळाच्या दुधातला भात केळीच्या पानांत बांधून उकडला, मासे भाजले. नमाज झाल्यावर पुरुष इंदोच्या घराकडे निघाले. आम्हीही टोप डोक्यावर घेतले, त्यावर पांढरी फडकी झाकली, आणि रांगेनं त्यांच्या मागून गेलो. मी सगळ्यांत पुढं. खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं. असं गाव दुसऱ्या कुठल्या म्हातारीला मिळालं असतं?

इंदो खिडकीत उभी होती. नवा सारोंग नेसलेली, केसांना तेल लावलेलं. तिनं बांबू घेऊन आलेले पुरुष पाहिले. मग त्यांच्यामागं आमची रांग पाहिली, टोप पाहिले, फडकी पाहिली. तिचा चेहरा पुसल्यासारखा झाला. खिडकी लागली. मग दार लागलं, आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

“इंदो?” उपेनं हाक मारली.

“मयताला एवढी माणसं कशाला?” आतून आवाज आला. “चौघं पुरतात. जा, तिरडी घेऊन या.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात ज्याचं घर उचलायचं त्याच्या चुलीवरचा घास आधी पोटात गेला पाहिजे, त्याशिवाय कुणी बांबूला हात लावत नाही. शेजाऱ्यांनी शिजवून, झाकून आणायचं आणि पुरुषांनी उचलायचं, हे फक्त एकाच प्रसंगी होतं. घरात कुणी गेलं असेल, चूल पेटणार नसेल, तेव्हा. आम्ही जिवंत बाईच्या दारात तिच्या मयताचं जेवण घेऊन उभ्या होतो. एवढ्या बायका पहाटेपासून राबत होत्या, एकीलाही ते सुचलं नाही. कारण आमच्या मनात ती आधीच बिचारी झाली होती.

उवा पलीवांगांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “टोप घेऊन जा. तुझ्या अंगणात ठेव. घर पोचल्यावरचं जेवण जमिनीवाल्याचं असतं, ते तू घाल. निघतानाचं तिचं.”

“पण तिच्याकडे आहे काय?” मी म्हटलं.

“ते तिला विचार.”

मी टोप दुसरीच्या हातात दिला आणि शिडी चढले. दाराशी जाऊन म्हटलं, “इंदो, चुकलं. टोप परत पाठवले.”

मी दाराला कान लावला.

“माणसं उपाशी आहेत, इंदो. उन्हात उभी आहेत. तुझ्या घासाशिवाय हात लावणार नाही म्हणतात.”

मग अडसर सरकला. दार उघडलं तशी वाफ माझ्या तोंडावर आली. आत चुलीवर मोठं मातीचं भांडं होतं, त्यावर उकडायची टोपली, आणि टोपलीत काठोकाठ काळा चिकट भात, चकाकणारा, एक दाणा न फुटलेला. शेजारी खवलेल्या नारळाची परात. पहाटेपासून तिच्या छपरातून धूर निघत होता. आम्ही तो बघितलाही होता. म्हातारी कॉफी करत असेल, म्हणालो होतो.

सरवा. सगळी कापणी कंबरेत वाकून तिनं लोंबी लोंबी करून गावाचं जेवण वेचलं होतं. आणि मी म्हटलं होतं, हाव सुटली.

“बघतेस काय,” इंदो म्हणाली. “पानं फाड.”

पुरुष शिडीखाली रांगेत उभे राहिले. ती वरच्या पायरीवर बसली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक घास भात, वर चिमूटभर नारळ. प्रत्येकाच्या हातात तिनं स्वतः दिला, आणि प्रत्येकाला त्याच्या वाटणीचं काहीतरी ऐकवलं. “तू वाकड्या पायाचा, मागं राहा.” “तुझ्या बापानं माझा खांब उभा केला होता, तू पाडू नको.” कुणी दुसरा घास मागितला नाही. एवढे दांडगे पुरुष तो एक घास असा सावकाश चावत होते की सगळीकडे नुसतं चावण्याचं ऐकू येत होतं. मी पुष्कळ मेजवान्या पाहिल्या, पण जेवणाला एवढा मान दिलेला कधी पाहिला नाही.

रांगेच्या अगदी शेवटी कादे होता. बातमी बाजारापर्यंत गेली होती आणि तो भाताच्या ट्रकवर बसून आला होता. काखेत कापडाचं गाठोडं. त्याला बघून लोक बाजूला बघू लागले. तो पायरीजवळ येऊन थांबला, हात पुढं करावा की नाही अशा बेतात.

“मी काय उचलणार, इंदो,” तो म्हणाला. “मी आपला बघायला आलो.”

“बघणाऱ्याला घास नाही,” ती म्हणाली. “उचलणार असशील तर हात पुढं कर.”

त्यानं हात पुढं केला.

मग घर बांधलं. बांबू आडवे, बांबू उभे, वेताचे पीळ. घराच्या बेंबीच्या खांबाला, म्हणजे सगळ्यांत आधी उभारलेल्या मधल्या खांबाला, इंदोनं तेल चोपडलं, नारळ बांधला. चुलीवरची सोडून बाकी भांडीकुंडी आधीच आमच्याकडे नेली होती. इंदोला मात्र कुणी उतरवू शकलं नाही. “घर मी सोडलं की ते लाकूड होतं,” म्हणाली, आणि बेंबीच्या खांबाला मिठी मारून आत बसली.

पुरुष घराखाली शिरले. वाकले. खांदे बांबूला लागले. उवांनी शिटी तोंडात धरली, एक हात वर केला, आणि सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं.

शिटी वाजली.

आधी काहीच झालं नाही. मग लाकूड कण्हलं, छपराचे पत्रे एकदम खडखडले, आणि खांबांखालच्या दगडांवर उजेड पडला. तिच्या लग्नापासून त्या दगडांनी ऊन पाहिलं नव्हतं. घर हवेत होतं. मी लहानपणापासून घरं उचललेली पाहते आहे, पण त्या दिवशी माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही आठवणीनं येतो. भिंती, खिडक्या, शिडी, आत बसलेली म्हातारी, असं सगळं घर उठलं आणि चालायला लागलं. खालून नुसते पाय दिसत होते, चिखलाचे, चपलांचे, अनवाणी, सगळे एका तालात. धसकटं मोडत, बांध ओलांडत ते वावरातून चाललं होतं आणि बगळे उठून त्याला वाट देत होते.

पाटाशी आल्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले. पाट रुंद नाही, पण खोल आहे. पुढचे पाण्यात उतरले, कंबरेइतक्या पाण्यात, आणि घर नाकावर झुकलं. मागचे ओढून धरत होते. एक बांबू कडकन वाजला. उवा शिटी विसरून हातांनीच सांगत होते. बायका पुटपुटून अल्लाचं नाव घेऊ लागल्या. मी माझी ओढणी तोंडात धरली होती. घर गेलं तर ती जाणार, ती गेली तर आम्ही जन्मभर काय तोंड दाखवणार?

आतून आवाज आला, अगदी रोजचा. “अरे, कुणीतरी माझं स्वयंपाकघर फार वर धरलंय. उपे, तूच असणार. बायकोसमोर वाकतोस तसा वाक जरा.”

घराखाली कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. उवा ओरडले, “हसू नका, हसू नका, मराल सगळे,” आणि स्वतःच हसायला लागले. पण त्या हसण्यात सगळ्यांचा श्वास एकत्र सुटला, एकत्र भरला, आणि पुढचे पाटाच्या पलीकडे चढले. घर सरळ झालं. ते तसंच चालत माझ्या अंगणात आलं आणि उपेनं मांडून ठेवलेल्या दगडांवर, एकेक खांब आपापल्या दगडावर, असं टेकलं की जणू तिथंच उगवलं होतं.

दार उघडून इंदो बाहेर आली. केस सुटलेले, सारोंगाला खांबाचं तेल. तिनं वरच्या पायरीवरून माझ्या अंगणाकडे पाहिलं, माझ्या चुलींकडे, माझ्याकडे.

“ये, जुमराना,” ती म्हणाली. “वर ये. पहिल्यांदाच आलीस माझ्या नव्या घरी.”

माझ्याच अंगणात मी पाहुणी झाले. आणि वर चढताना मला त्याचा राग आला नाही.

मग आमच्या टोपांवरची फडकी निघाली आणि लोक पोटभर जेवले. संध्याकाळ होत आली तशी माणसं पांगली. भाताचा ट्रक रस्त्यावर भोंगा वाजवत होता. कादेनं गाठोडं काखेत मारलं.

“कुठं निघालास?” इंदोनं पायरीवरून विचारलं.

“बाजारात.”

“खांदा सुजलाय तुझा. खाली सावली आहे, बस तिथं. उद्याही बस.”

घर उंचावर असतं, तेव्हा त्याच्याखाली हातमाग मावतो, कोंबड्या मावतात, एखादं माणूसही मावतं. पण अंगण माझं होतं. एक म्हातारी एका वर्षासाठी ठरली होती, त्यात आता हा. मी म्हटलं, “इंदो, जरा थांब. माझ्या अंगणात—”

“अंगण तुझंच आहे,” ती म्हणाली. “घर माझं आहे. आता सांग, घराखालची सावली कुणाची?”

मी उवांकडे पाहिलं, ते टोपी झटकत होते. उपेकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली होती. कादे गाठोडं धरून तसाच उभा होता, जायचं की बसायचं हे आम्ही ठरवेपर्यंत. सकाळी तिला जागा नव्हती. संध्याकाळी ती जागा देत होती.

ट्रक पुन्हा वाजला आणि निघून गेला.

आमच्या घराखाली बांबूचा एक माचा आहे. मी दुपारची त्यावर पडते. फार लाडका आहे माझा. मी तिथं गेले, त्याचं एक टोक धरलं आणि उपेला म्हटलं, “बघतोस काय, धर तिकडून. इंदोच्या घराखाली नेऊ. उद्या आडोशाला चार चटया बांधून दे.”

“थांब,” वरून आवाज आला.

इंदो शिडी उतरून आली. एकेका पायरीवर टेकत. तिच्या हातात केळीचं पान होतं, त्यावर टोपलीच्या तळाची खरवड, वाळलेली, घासभर. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि पान माझ्या तोंडाशी धरलं.

“आधी खा,” ती म्हणाली. “मग उचल.”